‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ म्हणणाऱ्या खात्याच्या मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी रात्री एका उपजिल्हा रुग्णालयाने अत्याचार झालेल्या मुलीला ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ म्हणून परत पाठवलं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर गावाला मुलगी ओळखू येईल आणि मेमो रात्रपाळीच्या सिस्टरला मिळेल.

पत्र लागत नाही, महोदय. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं तसं स्वच्छ सांगतात. उपचार नाकारणं २०१३ पासून गुन्हा आहे. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम २००, एक वर्षापर्यंत कैद, खासगी दवाखान्यांनाही लागू. किती अधीक्षक आत गेले? आमच्या ऐकण्यात एकही नाही.

आता घड्याळ बघू. गर्भ राहू नये म्हणून लेवोनॉरजेस्ट्रेलची गोळी, १.५ मिलिग्रॅम, ७२ तासांच्या आत. पाच दिवसांपर्यंत देता येते, पण दर दिवसागणिक उपयोग कमी होतो. दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा द्यावी लागते, म्हणजे एका बाईमागे दोन डोस हाताशी हवेत. एचआयव्ही टाळणारी औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू व्हायला हवीत, खरं तर पहिल्या काही तासांत, आणि मग २८ दिवस न चुकता. ती औषधं असतात एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्ही उपचार केंद्राच्या, कपाटात. कपाटाला कुलूप, आणि किल्लीवाले सोमवारी दहाला येणार. शनिवारी रात्री नऊला दारात आलेल्या बाईचे इथेच ३७ तास गेले. त्याआधी घरच्यांची समजूत घालण्यात गेलेले तास वेगळेच. कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये तीन दिवसांच्या गोळ्या ठेवायला कुठला जीआर अडवतो?

पुरावा. योनीमार्गाचे नमुने ९६ तासांपर्यंत घेतात. आंघोळ केली म्हणून तपासणी टाळायची नसते, आणि ९६ तास उलटले तरी जखमांची नोंद आणि उपचार असतातच. बाईला कागदावर उभं करून कपडे उतरवायचे, म्हणजे गळलेला केस, माती त्या कागदात येते. स्वॅब, म्हणजे नमुना घेतलेला कापसाचा बोळा, सावलीत पूर्ण कोरडा करायचा, मग कागदी पाकिटात. होतं काय? ओला स्वॅब नळीत कोंबतात, कपडे भाजीच्या प्लास्टिक पिशवीत. दमट राहिलं की बुरशी धरते आणि डीएनए कुजतो. पुढे ते पार्सल मे महिन्यात पोलीस ठाण्याच्या कपाटात पडून राहतं. अहवाल ‘काही आढळले नाही’ असा येतो, आणि कोर्टात बाई खोटी ठरते. कागदी पाकिटाची किंमत आपल्या कार्यालयातल्या चहापेक्षा कमी असावी.

रक्त डीएनएसाठी जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत, दारू-गुंगीच्या तपासणीसाठी करड्या टोपणाच्या फ्लोराइड नळीत. ही साधी जोडीही कितीदा नसते. संमती तीन गोष्टींची, वेगवेगळी घ्यायची: तपासणी, उपचार, नमुने. बाई नमुन्यांना नाही म्हणाली तरी गोळ्या मिळाल्याच पाहिजेत. अंगठा मात्र एकाच कोऱ्या फॉर्मवर उमटतो. काही फॉर्मवर योनीपटलाचा रकाना अजून आहे. दोन बोटांची तपासणी, म्हणजे योनीत बोटं घालून संबंधांची ‘सवय’ आहे का बघणं, करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनाचा दोषी धरा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं. ते फॉर्म रद्दीत घालायलाही मंत्रिमंडळाची बैठक लागते का?

अत्याचार झालेल्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या ‘सखी’ केंद्राचं बोललं की आपलं खातं महिला व बालविकासाकडे बोट दाखवतं, ते गृहखात्याकडे, आणि गृहखातं म्हणतं वैद्यकीय अहवालच आला नाही. सात दिवसांत तो पाठवायचा, असा नवा कायदा आहे, महोदय. ‘सखी’ बहुधा जिल्ह्याच्या गावी. सिरोंच्याची बाई दोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता तुडवून गडचिरोलीला कशाने येणार, एसटीने? तिथल्या समुपदेशक कंत्राटी, पगार तीन-चार महिने रखडलेला, आणि धीर मात्र त्यांनीच द्यायचा. तपासणाऱ्या डॉक्टरची बदली झालेली असते. साक्षीचं समन्स पाच वर्षांनी येतं, प्रवासभत्ता त्याहून उशिरा.

सभागृहात मात्र फाशीची गर्जना. अत्याचाराला फाशीपर्यंत शिक्षा सांगणारं शक्ती विधेयक मंजूर करून टाळ्या घेतल्या, राष्ट्रपतींची मंजुरी कधी आलीच नाही. फाशीला पैसे लागत नाहीत ना, गोळ्यांना लागतात. जमत नाही असंही म्हणू नका: वांद्र्याच्या महापालिकेच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं ‘दिलासा’ केंद्र २०००-०१ च्या सुमारास, महिला सुरक्षेसाठीच्या केंद्राच्या निर्भया निधीच्या कितीतरी आधी, उभं राहिलं.

येत्या शनिवारी रात्री दोनला कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात स्वतः फोन लावा. नाव सांगू नका. गोळ्या आहेत का आणि किल्ली कुणाकडे आहे, एवढंच विचारा. फोन उचलला गेलाच, तर.

आपले,
कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, डॉक्टर आणि समुपदेशक