कणसाखालचा घोडा

नाशिक,
रविवार, दुपार

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "जुन्या नाण्यावर दुसऱ्याचा ठसा मारलेला, म्हणजे माल खराबच की. त्यात एवढं बघण्यासारखं काय?" तेव्हा समोर गिऱ्हाईक बसलं होतं, बोलणं अर्धवट राहिलं. आज पेढी बंद आहे, म्हणून लिहायला बसलोय.

उन्हाळ्यात मुलीकडे जर्मनीला गेलो होतो. तिथे जुनी नाणी विकणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी मेटापॉन्टमचं चांदीचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि सोबत भिंग दिलं. मेटापॉन्टम म्हणजे दक्षिण इटलीत, टारान्टोच्या आखातावर ग्रीकांनी वसवलेलं शहर. शेतीवर इतकं गबर झालेलं, की डेल्फीच्या देवाला तिथल्या लोकांनी सोन्याचं पीक वाहिल्याचं जुना ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. नाण्यावरही जवाचं कणीसच. एका बाजूला ते उठून आलेलं आणि दुसऱ्या बाजूला तेच कणीस आत खोल गेलेलं.

ते नाणं इसवी सनापूर्वीच्या ५ व्या शतकातलं, आकाराने लहान पण चांगलं जाड. खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं, तर कणसाच्या कडेला एक बाक दिसला. तो कणसाचा नव्हता. नाणं हळूच फिरवलं. एकाखाली एक पिसं! मग मानेची रेघ. तो ग्रीसमधल्या कोरिंथ शहराच्या नाण्यावरचा पंखांचा घोडा होता, पेगासस. अविनाश, माझ्या अंगावर काटा आला रे. पन्नास वर्षं चांदी हाताळतोय, पण चांदीने तिची आधीची ओळख अशी कधी सांगितली नव्हती.

आता खराब मालाचं बोलू. दक्षिण इटलीतल्या या ग्रीक शहरांजवळ चांदीच्या खाणी नव्हत्या. चांदी यायची ती समुद्रावरून, आणि पुष्कळदा नाण्यांच्या रूपातच. कोरिंथचं नाणं साधारण ८.६ ग्रॅम, मेटापॉन्टमचं ८ च्या आसपास. वजनं इतकी जवळ असताना आटवायचं कशाला? आमच्या धंद्यात विचार. मूस लावा, कोळसा जाळा, घट सोसा, परत ओता आणि परत एकेक चकती काट्यावर जुळवा. तयार चकती हातात असताना कुठलाही शहाणा कारागीर ती तापवून ऐरणीतल्या साच्यावर ठेवेल, वर दुसरा साचा धरेल आणि घण घालेल. धातू नरम होतो, वितळत नाही. म्हणून जुनं चित्र चेपतं, पण पूर्ण पुसलं जात नाही. जिथे दाब कमी पडतो तिथे, विशेषतः कडेला, ते तग धरून राहतं.

अभ्यासकांना हेच हवं असतं. त्या काळच्या या नाण्यांवर साल नसतं. पण खालचं नाणं वरच्याच्या आधीचं, यात वादच नाही. क्रीट बेटावर तर याचा फार उपयोग झाला. गॉर्टिन आणि फाइस्टॉस या तिथल्या शहरांनी सायरीनची, म्हणजे समुद्रापलीकडच्या आजच्या लिबियातली, नाणी घेऊन त्यांवर आपले ठसे मारले. गॉर्टिनच्या नाण्यावर झाडावर बसलेली ग्रीक पुराणातली युरोपा असते, आणि तिच्या खालून सायरीनची सिल्फियम वनस्पती डोकावते. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज ल रिदर यांनी १९६६ सालच्या आपल्या ग्रंथात क्रीटच्या नाण्यांचा काळ लावताना अशाच नाण्यांचा आधार घेतला. ठसा नीट बसला असता, तर हा पुरावा नाहीसाच झाला असता.

आणि आपण दोघं सायकली हाणत दारणा-गोदावरीचा संगम बघायला जोगलटेंभीला गेलो होतो, आठवतं? तिथेच १९०६ साली शक क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्याभोवती अक्षरं कुठली, तर ग्रीक! ग्रीक नाण्यांची ती रीत इतक्या दूर, इतक्या शतकांनी आपल्या गोदाकाठी पोचली होती. त्या चेहऱ्यावरच सातकर्णीने तीन कमानींचा डोंगर बसवलाय. पण मला दोन्हींत फरक वाटतो. मेटापॉन्टमचं कोरिंथशी काही वैर होतं म्हणून घोडा चेपला नाही. त्यांना चांदी हवी होती. गौतमीपुत्राला मात्र सांगायचं होतं. पांडवलेण्यांतल्या ३ नंबरच्या लेण्यातल्या शिलालेखात त्याची आई गौतमी बलश्री त्याला क्षहरात वंश निःशेष करणारा म्हणते. नहपान त्याच वंशातला. हे नाणं ज्याच्या हाती पडेल त्याला कोण गेलं आणि कोण आलं, हे वाचता न येताही कळणार होतं.

ते मेटापॉन्टमचं नाणं मी घेतलं नाही, किंमत झेपणारी नव्हती. पण त्या गृहस्थांच्या परवानगीने मऊ मातीवर दोन्ही बाजूंचे ठसे घेतले आणि रुमालात गुंडाळून आणले. पेढीच्या वरच्या खणात ठेवलेत. ठशात सगळं उलटं होतं, खोल कणीस वर येतं आणि वर आलेलं खोल जातं, तेवढं लक्षात ठेव. दिवाळीला येशील तेव्हा सकाळी ये, आमच्या खिडकीत दहापर्यंतच तिरकं ऊन असतं. आधी घोड्याचे पाय शोधू नकोस, सापडणार नाहीत. पंखापासून सुरुवात कर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
दिलीप