गमछा अजून झाडालाच आहे, पटेलबाबा

पटेलबाबा,

मराठीत लिहितेय, कारण चिडायला आणि आभार मानायला मला हीच भाषा जमते. तुमचा नातू वाचून दाखवेल. अर्धंमुर्धं तुम्हाला कळेल, उरलेलं तो पदरचं घालून सांगेल.

बाकीच्यांसाठी थोडं आधीचं. मी इंदूरची, रामबागेतली. निवृत्तीचे पैसे बँकेत पडून होते आणि भाच्याच्या डोक्यात कॅम्पसाइटचं खूळ शिरलं होतं. मावशी, पावसाळ्यात अख्खं इंदूर चोरल, पातालपाणीकडे पळतं, रात्री राहायला जागा कुठे असते, असं त्याचं म्हणणं. खंडवा रोडला, सिमरोलचा घाट उतरल्यावर, नाल्याकाठी साडेतीन बिघे घेतले. पुण्याच्या चुलतबहिणीने पहिला प्रश्न विचारला, "तुझ्याकडे शेतकरी दाखला कुठून आला?" मध्य प्रदेशात शेतजमीन घ्यायला तो लागत नाही, हे तिला अजून खरं वाटत नाही. डायव्हर्शन (शेतजमिनीचा वापर बदलून घेणं), सीमांकन आणि तहसीलच्या चकरा यांबद्दल लिहीत नाही. ज्यांनी मारल्यात त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांचं सुख कशाला घालवा.

मग आम्ही सल्लागार नेमला. त्याचं नाव घेत नाही, पण त्याने दीड लाख घेतले. ड्रोन उडवला, लॅपटॉपवर नकाशा काढला आणि नाल्याच्या अगदी काठाला ओळीने दहा तंबू मांडले. काठावरचा तंबू दुप्पट भाड्याने जातो म्हणे. त्याच्या लॅपटॉपवर नाला निळाशार होता. समोर, मे महिन्यात, नुसते गोटे पडले होते. ज्या दलालाने जमीन दाखवली तोही शेजारी उभा राहून मान डोलवत होता. पाणी किती चढतं, हा प्रश्न त्या दोघांपैकी एकालाही पडला नाही. मलाही पडला नाही, हेही कबूल करते.

तुम्ही तेव्हा बांधावर बिडी ओढत बसला होता. सल्लागाराने तुम्हाला मजूर समजून पाणी आणायला पाठवलं. तुम्ही आणलंत.

त्याची गाडी गेल्यावर तुम्ही उठलात आणि मला म्हणालात, बाईसाब, एक झाड दाखवतो. काठावरचं ते अर्जुनाचं झाड. त्याच्या बेचक्यात, माझ्या डोक्याच्या हातभर वर, वाळकं गवत अडकलं होतं. मला वाटलं घरटं असेल. तुम्ही काठीने ओढलंत तर गवताबरोबर गुटख्याच्या पुड्या पडल्या आणि एक लहान मुलाची चप्पल. लाल, पट्टा तुटलेली. "पाणी यां तक आवे," तुम्ही म्हणालात, एवढंच. पाऊस वर पठारावर पडतो, काळा पत्थर पाणी पीत नाही, सगळं घळींतून खाली येतं, आपल्या डोक्यावर चांदणं असलं तरी येतं, हे मी नंतर विचारलं तेव्हा सांगितलंत. आधी नुसती चप्पल माझ्या हातात दिलीत.

मग डोक्याचा गमछा सोडलात आणि त्या उंचीवर खोडाला गुंडाळून गाठ मारलीत. का, तर उद्या कोणी तुम्हाला काही वेगळं सांगितलं तर त्याला हे दाखवा. आणि भर दुपारी, मेच्या उन्हात, उघड्या डोक्याने गावाकडे चालत गेलात. तुमच्या वयाचा माणूस त्या भागात उघड्या डोक्याने घराबाहेरसुद्धा येत नाही, एवढं मला माळव्यात साठ वर्षं राहून कळतं. मी गाडीने सोडते म्हटलं तर हात हलवलात.

त्या शेतात तुम्ही सात वर्षं बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, सोयाबीन पेरत होता, हे मला महिन्याभराने, तेही दुसऱ्याकडून कळलं. आम्ही जमीन घेतली आणि तुमचं पेरणं बंद झालं. तुम्ही गप्प बसला असता तर? एका पावसात आमचा धंदा वाहून गेला असता, आणि ते साडेतीन बिघे पुन्हा तुमच्या नांगराखाली आले असते. हा हिशेब मी रात्री पडल्या पडल्या कितीदा तरी केलाय. तुम्ही केला नसेल असं नाही. शेतकऱ्याला हिशेब येतो.

रामबागेतल्या एका गिरणीवाल्याने पिठाच्या डब्यात सापडलेली अंगठी आईला परत आणून दिली होती. आई शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगायची, आम्ही वैतागायचो. आता भाचा वैतागतो, कारण मी सगळ्यांना गमछा सांगते.

तंबू वरच्या टेकाडावर गेले. तिथे खडक आहे, खुंट्या शिरत नाहीत, लोखंडी चौथरे करावे लागले. खर्च दोन लाखांनी वाढला आणि भाडं कमी झालं. सल्लागार फोनवर म्हणाला, एका म्हाताऱ्याच्या बोलण्यावर तुम्ही गुंतवणूक बुडवताय. मी फोन ठेवला.

आणि ऑगस्टमधली ती रात्र. चौदा पाहुणे होते, त्यांतली पाच मुलं. आभाळ मोकळं, पोरं चांदण्या मोजत होती. साडेअकराला खालून गोटे घरंगळल्याचा आवाज यायला लागला. आधी मला ट्रक वाटला. बॅटरी मारली तर काठ दिसेना, नुसतं तपकिरी पाणी, आणि त्यात अर्जुनाचा शेंडा हलत होता. दहा तंबू जिथे मांडायचे होते, ती जागा कुठे आहे ते सांगता आलं नसतं. एका बाईने विचारलं, "हे रोज असं असतं का?" माझ्या तोंडून शब्द फुटेना.

सकाळी पाणी उतरल्यावर खाली गेले. गमछा तिथेच होता, चिखलाने भरलेला, आणि गाठीच्या चार बोटं खाली ताजं गवत अडकलं होतं.

तो मी सोडवणार नाही. क्लॉथ मार्केटमधून तुमच्यासाठी दुसरा घेतलाय, पांढरा, लाल काठाचा. रविवारी घेऊन येते. आणि खालची पट्टी रब्बीला तुम्हीच पेरा. गहू की हरभरा, ते तुमचं तुम्ही ठरवा. बटाई मला नको. नातवाला सांगा, हे दोनदा वाचून दाखव, कारण तुम्ही पहिल्यांदा नाहीच म्हणाल.

तुमची,
रामबागेची बाईसाब