कॅथेटर हातात घेण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझी कॅज्युअल्टीला ड्युटी लागल्याचं बाबांकडून कळलं. ऊसतोडणीचा हंगाम आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली सापडलेले, कमरेला मार लागलेले पेशंट येतच राहतील, म्हणून लिहिते.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य, अशी गत असते तिथं. सिस्टर समोर असली की गडी नुसतं 'पोट दुखतंय' म्हणतो. तुम्हा ब्रदर लोकांपाशी तो बोलेल, पण बाई बोलणार नाही. तिच्या वेळी सिस्टरला बोलावून घे, पडदा ओढ, नातेवाइकांना बाहेर काढ. तपासणी मात्र राहता कामा नये.

श्वास, पल्स, बीपी, सलाईनसाठी शिरेत दोन इंट्राकॅथ हे तुला सांगायला नको. कपडे कापलेस की खाली नीट बघ. लघवीच्या तोंडाशी रक्ताचा एखादा थेंब, वृषणाच्या पिशवीवर सूज, मांड्यांच्या मधे काळंनिळं, ओटीपोट तट्ट फुगलेलं पण लघवी होत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी फोलीजला, म्हणजे लघवीच्या नळीला, हात लावायचा नाही. रात्री कुणी घाईत म्हणेलच, "ब्रदर, कॅथेटर टाका, आउटपुट बघू." तेव्हा स्पष्ट सांग, "सर, रक्त दिसतंय, आधी आरजीयू, मूत्रमार्गात डाय सोडून एक्स-रे, करायचं का?" मूत्रमार्ग अर्धवट फाटलेला असला तर आपल्या नळीनं तो पुरता तुटू शकतो. मग सर्जन पोटावरून नळी घालायची की काय ते ठरवतील. चिडले तर चिडू देत.

कमरेचं हाड मोडल्याची शंका असेल तर ते दाबून, हलवून बघू नकोस. चादर बांधायची ती पोटावर नव्हे, मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यांवर.

बरगड्यांखाली पाठीत मार असेल तर आपसूक झालेली पहिली लघवी फेकू नकोस. नंतर सलाईननं ती पातळ होते. आम्ही दर वेळची लघवी टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन, चिकटपट्टीवर वेळ लिहून स्टँडला ओळीनं लावायचो. रंग उतरतोय की गडद होतोय ते राउंडला लगेच कळायचं. पण लघवी साफ आहे म्हणून किडनी शाबूत, असं धरून चालू नकोस. किडनीच्या देठाची रक्तवाहिनीच तुटली तर लाल येतेच असं नाही. पोरांचं तर बीपीही शेवटपर्यंत टिकतं, म्हणून त्यांच्या पल्सकडे लक्ष ठेव.

सांगितलेली हकीकत आणि जखम जुळत नसेल, तर एकटं गाठून हळू विचार. एमएलसीचे, म्हणजे पोलीस केसचे, कपडे कागदी पिशवीत ठेव, प्लॅस्टिकमध्ये कुजतात.

नाईट संपली की आधी जेव, मग झोप. बाबा आशीर्वाद सांगतात.

तुझी,
आई