पगारपत्रक छोट्यांचे, विलंब शुल्क मोठ्यांचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

1961 चा प्राप्तिकर कायदा जाऊन येत्या 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू होत आहे. भाषा सोपी झाली, कलमे कमी झाली, असे त्याचे कौतुक सध्या सर्वत्र वाचायला मिळते. करदात्याच्या बाजूने ते खरेही आहे. पण पगारावरचा कर कापून भरतो तो मालक, आणि आमच्या भागात मालक बहुधा पंधरा-वीस माणसांचे मशीन शॉप चालवणारा असतो. तिथे एचआर नावाचा विभाग नसतो. हजेरीपट, ओटी, पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर, जीएसटी आणि टीडीएस (देण्यातून आधीच कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर) हे सगळे एकाच टेबलावर उरकले जाते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत अशा काही टेबलांचे काम मी करते.

पहिला गोंधळ वर्षाचा होणार आहे. आता संपणाऱ्या 2025-26 च्या पगारासाठी जुन्या कायद्याप्रमाणे असेसमेंट इयर, म्हणजे उत्पन्नाच्या पुढचे करनिर्धारणाचे वर्ष, लागते 2026-27. एप्रिलपासून सुरू होणारे नवे 'कर वर्ष'ही 2026-27 च. जुन्या वर्षाच्या चौथ्या तिमाहीचे 24क्यू (पगारावरच्या टीडीएसचे विवरणपत्र) 31 मेपर्यंत भरायचे, 'फॉर्म 16' हे करकपातीचे दाखले जूनच्या 15 तारखेपर्यंत द्यायचे आणि त्याच दिवसांत नव्या वर्षाची चलने दर महिन्याच्या 7 तारखेच्या आत भरायची. कायदे दोन, कागदावरचा आकडा मात्र एकच. चलन चुकीच्या वर्षात गेले की ते दुरुस्त होईपर्यंत कामगाराच्या 26एएसमध्ये (त्याच्या नावे जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात) कापलेला कर दिसत नाही, आणि तो बिचारा दर दोन दिवसांनी केबिनच्या दारात उभा राहतो.

त्यात आमच्याकडे मार्चचा पगार एप्रिलच्या 7 किंवा 10 तारखेला होतो. उत्पन्न मार्चचे, कर कापला एप्रिलमध्ये. मग कापणी जुन्या कलम 192 खाली दाखवायची की नव्या 392 खाली? सीए मंडळी सांगतीलच, पण हा प्रश्न राज्यातल्या हजारो छोट्या कारखान्यांचा आहे. आयकर विभागाने तारखांसह एक उदाहरण मराठीत छापून दिले तर प्रत्येकाला वेगवेगळे विचारत बसावे लागणार नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांमुळे पगाराची रचना बदलण्याचे काम चालू आहेच, ते वेगळे.

माझा खरा मुद्दा विलंब शुल्काचा आहे. टीडीएसचे विवरणपत्र उशिरा भरले तर दिवसाला 200 रुपये लागतात. कमाल मर्यादा एवढीच, की शुल्क कापलेल्या कराच्या वर जात नाही. नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नसल्याने आमच्याकडे बहुतेक ठिकाणी कर लागतो तो एखाद्या डायरेक्टरला किंवा मॅनेजरला. समजा, तिमाहीचा त्याचा टीडीएस 9 हजार आहे आणि तो वेळेत सरकारजमा झालेला आहे. विवरणपत्राला 45 दिवस उशीर झाला तर शुल्क 9 हजार, म्हणजे जेवढा कर तेवढेच. तिमाहीला कोट्यवधींचा टीडीएस कापणाऱ्या हिंजवडीतल्या कंपनीलाही 45 दिवसांचे 9 हजारच पडतात! तिच्या दृष्टीने ती रक्कम चहापाण्याची. शिवाय हे शुल्क माफ करण्याचा अधिकार निर्धारण अधिकाऱ्याला नाही, त्यामुळे कारण कितीही रास्त असले तरी उपयोग नसतो.

वेळेत भरा म्हणजे शुल्क लागणार नाही, असे कोणी म्हणेल. एरवी आम्ही भरतोच. पण कायदा, कलमे आणि फॉर्म एकदम बदलतात तेव्हा उशीर एकट्या मालकाच्या आळसाने होत नाही. युटिलिटीची (विवरणपत्र तयार करण्याच्या सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती उतरवून घ्या, जुन्या कॉम्प्युटरवर जावा चालत नाही म्हणून कोणाला तरी बोलवा, एफव्हीयूने (फाइल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने) फाइल नाकारली की चूक शोधा, यात शेवटचा आठवडा जातो. सरकारलाही हे माहीत आहे. 2022 मध्ये फॉर्म 26क्यूचा (पगाराखेरीजच्या देण्यांवरील टीडीएसच्या विवरणपत्राचा) नमुना बदलला आणि युटिलिटी त्याप्रमाणे सुधारायची होती, तेव्हा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्या तिमाहीची मुदत 31 ऑक्टोबरवरून 30 नोव्हेंबर केली होती. तेव्हा एक फॉर्म बदलला होता. आता अख्खा कायदा बदलतो आहे. वर दुरुस्ती विवरणपत्राची मुदतही सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे.

लहान-मोठा हा भेद सरकारने जीएसटीत मान्य केलेला आहे. तिथे 3बी हे नेहमीचे विवरणपत्र उशिरा भरल्यास दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्याला एका विवरणपत्रामागे जास्तीत जास्त 2 हजार रुपये विलंब शुल्क लागते, पाच कोटींपर्यंत 5 हजार. टीडीएसलाच असा टप्पा का नाही, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

म्हणून अर्थ मंत्रालयाकडे दोन मागण्या. नव्या कायद्याखालच्या पहिल्या दोन तिमाहींच्या विवरणपत्रांना, म्हणजे 31 जुलै आणि 31 ऑक्टोबरच्या, कर वेळेत भरलेला असेल तर विलंब शुल्क लावू नये. आणि त्यानंतर शुल्काची कमाल मर्यादा जीएसटीप्रमाणे उलाढालीवर ठरवावी. आमच्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा, आणि कोल्हापुरातल्या उद्योजक संघटनांनी वीजदराइतक्याच जोराने तो लावून धरावा, ही विनंती.

आपली,
एक हिशेबनीस, पुलाची शिरोली (जि. कोल्हापूर)