फोटोतला मासा खाल्लेला नाही

वूस्टर, इंग्लंड

तीर्थरूप बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

वि. वि. मी मजेत आहे. ड्युटी, जेवण, झोप हे फोनवर होतंच, ते परत लिहीत नाही. पण फोनवर आई बोलते, बाबा मागून 'त्याला विचार' म्हणत राहतात, आणि तेवढ्यात माझी वॉर्डात जायची वेळ होते. म्हणून सगळं एकदाच लिहितोय. सुमी प्रिंट काढून देईल.

आधी आईचं. श्रावणात मासा हातात धरून फोटो काढला हे खरं, पण तो पोटात गेलेला नाही. त्या माशाला बार्बेल म्हणतात आणि फोटो झाल्यावर तो जिवंत नदीत परत गेला. इथे तो कुणी खात नाही. त्याची गाबोळी (अंडी) तर विषारी असते, खाल्ली तर उलट्या-जुलाब. तेव्हा आई, तुझा श्रावण शाबूत आहे.

आता बाबांचं. काठी विकत घेतलेली नाही. शेजारचे आजोबा गुडघ्यांमुळे आता काठावर उतरत नाहीत, त्यांनी त्यांची जुनी दिली. बारा फुटी आहे, पण बांबूसारखी ताठ नाही. मासा ओढायला लागला की अर्ध्यापर्यंत वाकते. त्यावर दहा-बारा पौंडी तंगूस (नायलॉनचा दोरा), आणि गळ अगदी लहान, दहा नंबरचा. तुम्ही हसाल. पण बार्बेलचं तोंड खाली वळलेलं, जाड ओठांचं असतं, चार मिशा असतात, आणि तो तळ चाचपत चरतो. म्हणून आमिष तळाशीच बसलं पाहिजे. इथल्या सेव्हर्न नदीला ओढ भरपूर, त्यामुळे चपटं शिसं लागतं, गोल असलं की घरंगळत काठाला येतं. शिशाबरोबर प्लॅस्टिकची भोकं पाडलेली डबी असते. तिच्यात उकडलेले भांगेचे दाणे (हो, बिया मिळतात, नशा नाही) आणि माशांच्या तेलातल्या गोळ्या ठासायच्या. डबी तळाला गेली की खाऊ हळूहळू सांडतो आणि वासाने मासे प्रवाहाविरुद्ध डबीकडे सरकत येतात. त्या गोळ्यांचा वास म्हणजे पावसात सादळलेली सुकट. माझ्या जॅकेटला लागलाय तो काही केल्या जात नाही.

गंमत पुढे आहे. गोळी गळाला टोचायचीच नाही. कडक असते, टोचली तर फुटते. गळाच्या मागे थोडासा दोरा सोडून गोळी त्याला ओवायची, गळ उघडा ठेवायचा. मासा गोळी ओढून घेतो, गळ मागोमाग आत जातो आणि खालच्या ओठात बसतो. तुमच्यासारखं हिसका मारायची गरजच नाही. हा मासा कुरतडत बसत नाही, काठीच घेऊन पळतो. रिळाची मोकळी कळ, म्हणजे दोरा सुटू देणारी, चालू नसेल तर काठी पाण्यात. आजोबांनी मला हे सगळ्यात आधी बजावलं.

आणि आता ते, जे फोनवर तुम्हाला पटत नव्हतं. इतका खटाटोप करून मासा सोडायचा कशाला? मलाही आधी वेडेपणाच वाटला. इथे नदीत गळ टाकायला सरकारी लायसन्स लागतं, नसलं तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड. १५ मार्च ते १५ जून नद्यांवर बार्बेलसारख्या माशांची मासेमारी बंद, कारण मासे अंडी घालतात. आपण नेमके पहिल्या पावसात वलगणीला, चढणीचे मासे धरायला, धावतो, गाबोळीवाला मासा मिळाला म्हणून खूश! मोठा बार्बेल घरी नेता येत नाही, कायदाच आहे. म्हणून काठावर ओली गादी अंथरतात. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि त्याला जखमा होतात. गळाचा काटा घासून सपाट केलेला असतो, म्हणजे सहज निघतो. पण खरी मेहनत नंतर. हा मासा शेवटच्या श्वासापर्यंत झुंजतो. तसाच पाण्यात टाकला तर उलटा होऊन मरतो. जाळ्यातच, तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली हात देऊन धरून ठेवायचं. कल्ले आधी धापा टाकल्यासारखे हलतात, मग संथ होतात, आणि मग तो शेपटीचा फटकारा मारून स्वतःच निघून जातो. उन्हाळ्यात पाणी गरम असलं की जास्त वेळ लागतो. बाबा, वाळणकोंडीला, देवीच्या डोहावर, आपण देवाच्या माशांना कुरमुरे घालायचो आणि हात लावायची कुणाची छाती नव्हती, तसंच समजा. फक्त इथे देवी नाही, दंड आहे.

हा मासा सेव्हर्नचा मूळचा नाही बरं का. १९५६ साली केनेट नदीतून आणून सोडला. आता लोक त्याच्याचसाठी लांबून सेव्हर्नवर येतात.

आई, रात्री नदीवर एकटा बसत नाही. अंधार पडायच्या सुमाराला मासे चरायला निघतात म्हणून थोडा उशीर होतो, एवढंच. २०२१ च्या जुलैतल्या आपल्याकडच्या पुरानंतर तुला नदी म्हटलं की काय वाटतं ते मला कळतं. इथेही पूर येतो. क्रिकेटच्या मैदानावरसुद्धा पाणी चढतं, पण बहुतेक हिवाळ्यात, आणि पाण्याची पातळी मोबाईलवर दिसते. पाणी चढलं की मी जात नाही. आणि नदीवर जातो म्हणजे मला इथे कुणी नाही असं नव्हे. वॉर्डातले सगळे चांगले आहेत. सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून काय करू?

सुमीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ पाहिला, पूर्ण पाहिला. मामांनी माझ्या जागी उभं राहून सगळं केलं, त्यांना माझा नमस्कार सांगा. लग्नासाठी रजेचा अर्ज दिलाय. डिसेंबरात नाताळामुळे सगळ्यांनाच रजा हवी असते, त्यामुळे हळदीला पोचेन असं आत्ताच नातेवाइकांना सांगत सुटू नका. अक्षतांना असेन, त्यासाठी ड्युट्या बदलून घेतोय. हॉलचे पैसे या आठवड्यात पाठवतो. बाबा, नदीकडच्या शेताचा विषय त्या माणसाशी काढू नका. जादा शिफ्ट मिळतायत, पुरेल.

माणगावच्या स्थळाचं आई विचारत होती. फोटो पाहिला, मुलगी छान आहे. पण 'मुलगा परत येणार' असं तिच्या घरच्यांना सांगू नका, आणि 'येणार नाही' असंही नको. आधी मला तिच्याशी बोलू दे.

तुमचा,
महेश

ता. क. बाबांची गुडघ्याची गोळी जेवल्यावरच, रिकाम्या पोटी नाही. आणि सुमीला म्हणावं, शेरवानीसाठी मागच्या वर्षीचं माप चालणार नाही, नवीन पाठवतो.