हरल्यावरचं उत्तर छापताना प्रश्नही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठी मॅच हरली की दुसऱ्या दिवशी स्टार प्लेअर काय बोलला त्याचीच हेडलाइन असते, पण त्याला नेमकं विचारलं काय होतं ते बहुतेक वेळा बातमीत नसतंच. माझी कळकळीची विनंती आहे की प्रश्नही छापत जा, कारण हरल्यावर बोलणं म्हणजे नुसतं मन मोकळं करणं नसतं, समोरच्याला आपल्या बाजूला वळवणंही असतं, आणि कसं वळवलं ते प्रश्नाशिवाय कळतच नाही.

धोनीचंच बघा ना. ३१ मार्च २०१६, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची सेमीफायनल, वानखेडेवर १९२ करूनही आपण वेस्ट इंडिजकडून हरलो. एका ऑस्ट्रेलियन पत्रकाराने विचारलं की पुढे खेळायची इच्छा आहे का, तर धोनीने त्याला वर बोलावून शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि उलट त्यालाच विचारायला लागला, मी अनफिट वाटतो का, माझं धावणं बघून काय वाटतं, २०१९ च्या वर्ल्ड कपपर्यंत टिकेन का. पत्रकार म्हणाला हो, टिकाल, तर धोनी म्हणाला मग उत्तर तुम्हीच दिलंत. स्वतः एकही दावा केला नाही, सगळं समोरच्याकडून वदवून घेतलं! मला ते तेव्हाही भारी वाटलं होतं, पण आज सगळ्यांना ती क्लिप आठवते आणि त्याच मॅचमध्ये वेस्ट इंडिजचा बॅटर सिमन्स दोन नो-बॉलवर वाचला होता ते किती जणांच्या लक्षात आहे?

बास्केटबॉलमध्ये २०२३ ला अमेरिकेतल्या एनबीए लीगचा स्टार प्लेअर यानिस याने प्रश्नातला शब्दच बदलून टाकला. त्याची मिलवॉकी टीम पहिल्या नंबरवर होती आणि आठव्या नंबरच्या मायामीकडून पहिल्याच राउंडमध्ये ४-१ हरली, शेवटच्या मॅचमध्ये त्याचे स्वतःचे २३ पैकी १३ फ्री थ्रो (फाऊल झाल्यावर कुणी अडवत नसताना मारायचे बास्केट) चुकले. प्रश्न आला, हा सीझन फेल गेला असं म्हणायचं का? तो म्हणाला तुम्हाला दरवर्षी प्रमोशन मिळतं का, बास्केटबॉलचा दिग्गज मायकल जॉर्डन १५ वर्षं खेळला, ६ वेळा जिंकला, मग बाकीची ९ वर्षं फेल होती का, खेळात अपयश नसतंच. मनापासून बोलला आणि जगभर शेअर झालं. पण विचारलं होतं एका सीझनबद्दल आणि तो बोलला अख्ख्या करिअरबद्दल, त्यात ते १३ फ्री थ्रो मागे पडले.

रोहित शर्माचं मला जास्त पटलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्धच्या टेस्टमध्ये टॉस जिंकून बॅटिंग घेतली आणि आपण ४६ वर ऑलआउट, तर त्याच दिवशी स्वतः पत्रकारांसमोर येऊन पीच वाचायला माझं चुकलं असं सांगितलं. पुढे ती सिरीज ३-० हरल्यावरही कॅप्टन म्हणून आणि बॅटर म्हणून मी कमी पडलो असं म्हणाला. यानेही लोक बाजूला येतात, हेही वळवणंच आहे हे मला कळतं, पण यात नेमकी चूक सांगितलेली असते जी आपल्याला स्कोअरकार्डवर तपासता येते. नुसतं ‘आम्ही कमी पडलो’ म्हटलं तर त्यात काय तपासणार?

हां, हरून तासभरही झालेला नसताना प्लेअरला माइकसमोर बसवतात ते सोपं नसतं. टेनिसपटू नाओमी ओसाकाने २०२१ च्या फ्रेंच ओपनला मन सांभाळण्यासाठी पत्रकारांशी बोलायला नकार दिला तर १५,००० डॉलर दंड झाला आणि शेवटी तिने स्पर्धाच सोडली. म्हणून त्यांना टोचून विचारा असं माझं म्हणणं अजिबात नाही, फक्त जे विचारलं ते एका ओळीत उत्तराच्या वर द्या, आणि उत्तर कुठे दुसरीकडेच गेलं असेल तर तेही लिहा.

आपला,
एक नियमित वाचक