अंगणवाडीताई, त्या चिठ्ठीबद्दल मनापासून आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

पोटदुखीसाठी आलेल्या मुलाच्या आईजवळ तुम्ही वहीचं एक पान लिहून दिलंत, त्याबद्दल बालरुग्ण विभागातले आम्ही सगळे तुमचे आभारी आहोत. ‘खिचडीचे चार घास झाले की पोट धरतो. बेंबीवर बोट ठेवतो. मग भिंतीशी जाऊन टाचा उचलून, पाय आवळून उभा राहतो. चड्डीला डाग.’ निम्मं निदान या ओळींतच होतं: मलावरोध, म्हणजे शी कडक होऊन साचणं.

जेवताना पोट दुखलं की घरचे आधी जेवणालाच दोष देतात. डाळ बंद, भाजी बंद, आणि मूल दूध-बिस्किटांवर येतं. त्याने मलावरोध वाढतो. खरं तर पोटात अन्न पडलं की मोठं आतडंही हलू लागतं, म्हणून जेवणानंतर साधारण अर्ध्या तासात शी लागते. खाली शीचा कडक खडा अडकलेला असेल तर याच हालचालीची कळ येते. एकदा शी करताना दुखलं की मूल पुढच्या वेळी धरून ठेवतं. टाचा उचलून पाय आवळणं बघणाऱ्याला जोर करणं वाटतं. प्रत्यक्षात ते शी रोखणं असतं. खड्याच्या कडेने पातळ शी झिरपते, तोच डाग. त्याला जुलाब समजून जुलाब थांबवायचं औषध दिलं, तर खडा आणखी घट्ट होतो. तुम्ही जुलाब न लिहिता डाग लिहिलंत, हे फार मोलाचं.

साचलेला खडा नुसत्या पाण्याने किंवा पपईने निघत नाही. आधी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत शी मऊ करणारं औषध लागतं, आणि पोट साफ झाल्यावरही ते किमान दोन महिने चालू ठेवावं लागतं. घरचे आठवड्यात बंद करतात आणि दुखणं परततं. आईला तेवढी आठवण करत राहा. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. जेवणानंतर पाच ते दहा मिनिटं पॉटीवर बसवायचं, तळपाय टेकलेले, गुडघे कमरेपेक्षा वर. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. शी झाली नाही तरी रागवायचं नाही.

सगळीच पोटदुखी अशी नसते. दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलं, मूल चालताना वाकतं, उडी मारायला नको म्हणतं, तर लगेच दवाखाना. अशा वेळी एरंडेल किंवा जुलाब होण्याचं औषध अजिबात देऊ नये. हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, ताप, झोपेतून उठवणारं दुखणं, घटणारं वजन, लघवीला जळजळ, अंडकोषात दुखणं, यांतलं काहीही असलं तरी थांबू नका. गव्हामुळे त्रास होतो असं वाटलं तर रक्ततपासणीआधी पोळी बंद करू नका; बंद केली तर तपासणीत आजार कदाचित दिसणार नाही.

तुमच्या पानावर आणखी दोन गोष्टी असाव्यात असं वाटतं: घास सुरू झाल्यापासून किती मिनिटांनी दुखलं आणि शी झाल्यावर थांबलं का. तशा रकान्यांची कोरी पानं आईसोबत पाठवली आहेत. शेजारच्या अंगणवाड्यांतल्या ताईंनाही त्यांतली द्या.

तुमचे कृतज्ञ,
बालरुग्ण विभागातील डॉक्टर आणि परिचारिका